गोल न फिरणारे इंजिन

मित्रांनो, मला पाहिल्याबरोबर तुमच्यातले बहुतेकजण एकच प्रश्न विचारणार, हे मला ठाऊक आहे. "हे गोल फिरते का?" नाही फिरत. ज्यांना गोल फिरणारे काही पाहायचे असेल त्यांनी तेल्याच्या घाण्यावर जाऊन बैल पाहावा. तो निदान तेल तरी काढतो.

मी चावीवर चालणारे, शंटिंगचे जुने इंजिन आहे. माझ्या अंगावरचा हिरवा रंग पोपडे होऊन गळून गेला आहे. माझ्या पाठीला दोन दांड्या आहेत, एक थांबवायची आणि एक मागेपुढे न्यायची. सरळ रुळावरून धुरळा उडवीत धावणाऱ्या मेलगाडीचे तुम्हांला फार कौतुक असते. तिला अक्कल ती किती लागते? रूळ जातो तिकडे जायचे, एवढेच. पण कोळशाचा डबा बॉयलरपाशी, रुईचा डबा गोदामापाशी, रिकामा डबा कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेससमोर, असा ज्याच्या त्याच्या जागी नेऊन लावायचा आणि तेही एकाने दुसऱ्याची वाट न अडवता, याला शंटिंग म्हणतात. हे काम मी केले आहे.

माझा जन्म विलायतेत, खेळण्यांच्या एका कारखान्यात, पत्र्यातून झाला. तिथून डबे आणि रूळ यांच्यासह खोक्यात बसून मी नागपूरला आलो. सिव्हिल लाईनमधल्या एका साहेबाच्या मुलांनी मला थोडे दिवस खेळवले आणि मग ती कंटाळली. साहेबाची बदली झाली तेव्हा बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला आणि खुर्च्या, आरसे, हरणाची शिंगे यांच्या रांगेत मलाही मांडण्यात आले.

मला घेतले चंपतरावांनी. ते मालगुजार, म्हणजे गावांचे जमीनदार, होते. कुहीकडे त्यांची धानाची गावे होती आणि नागपूरच्या महाल भागात घर होते. मित्रांनो, त्यांना मी आवडलो म्हणून त्यांनी मला घेतले असे समजू नका. ते खुर्च्या घ्यायला आले होते. शेजारचा दुसरा मालगुजार माझ्याकडे पाहतो आहे असे दिसताच त्यांनी बोली वाढवली. त्यांच्या दिवाणखान्यात रूळ गोल मांडले गेले. पाहुणा आला की मला चावी. मी निघायचो आणि जिथून निघालो तिथेच यायचो. पाहुणे "वा, वा" म्हणायचे. चंपतरावांना तेवढेच हवे असायचे. आपण कुठेच पोचत नाही हे मला पहिल्या दिवशी कळले. त्या घरात दुसऱ्या कोणाला ते कळल्याचे दिसले नाही. चंपतरावांची बायको रुखमाबाई दाराशी उभी राहून पाहत असे. तिला तर मी ठोंबीच समजत होतो.

चावी घट्ट झाली तरी चंपतराव ती फिरवीतच असत. एके दिवशी भर बैठकीत माझी स्प्रिंग तुटली. पाहुणे हसले, आणि मालगुजारांचा राग माझ्यावर निघाला. त्यांचे साडू, म्हणजे रुखमाबाईच्या धाकट्या बहिणीचे यजमान, गिरिधरराव तिथे बसले होते. ते कापडगिरणीच्या मालधक्क्यावर कारकून होते.

"घेऊन जा गा गिरिधर हे भंगार," चंपतराव म्हणाले. "तुले गिरणीत असल्या लोखंडाची सवय हाये."

गिरिधररावांनी मला, डब्यांना आणि रुळांना खोक्यात भरले आणि सरळ घड्याळवाल्या नत्थूजींकडे नेले. नत्थूजींनी माझ्या पोटातला तुटका तुकडा काढून टाकला आणि उरलेली स्प्रिंग पुन्हा बसवली.

"पण हे आता लांब जायाचं नाही," ते म्हणाले. "हातभर जाईन आन् थांबंन."

गिरिधरराव हसले. "हातभरच पाहिजे, नत्थूजी!"

त्यांची खोली महालातच, एका बोळात होती आणि तिच्यात गोल रूळ मांडायला जागाच नव्हती. एका पडक्या दाराची सागवानी फळी त्यांनी दोन पेट्यांवर ठेवली. आधी जमिनीवर खडूने गिरणीच्या मालधक्क्याचा नकाशा काढला. बाहेरून येणारी एक लाइन, तिच्यातून फुटणारे तीन रूळ, एक बॉयलरला, एक गोदामाला, एक प्रेसला. डब्यांऐवजी ते काड्यापेट्या सरकवून पाहू लागले. त्यांची बायको गोपिकाबाई भाकरी थापता थापता पाहत होती.

"अवो, इंजिन डब्यायच्या मांगं कोंडलं ना," ती म्हणाली. "आता ते बाहेर कसं निघंन?"

"हातानं उचलून ठेवू."

"वा! गिरणीत इंजिन हातानं उचलता का तुम्ही?"

पिठाच्याच बोटाने तिने बाजूने एक रेघ ओढली. त्या बगलेच्या रुळावरून इंजिन डब्यांना वळसा घालून दुसऱ्या टोकाला जाऊ शकत होते. मग इंजिनाने पुढे जाऊन मागे यावे म्हणून त्यांनी टोकाला सोडलेली रुळाची शेपटी तिने बोटाने पुसून आखूड केली. "येवढी लांब ठेवली तं कोणीई करंन. मी आन् दोन डबे, बस, येवढंच मावू द्या." ती "मी" म्हणाली तेव्हा ती स्वतःला इंजिन समजून बोलत होती. मित्रांनो, माझ्याविषयी इतक्या समजुतीने त्याआधी कोणी बोलले नव्हते.

गिरिधररावांनी माझे गोल रूळ कापून, तापवून सरळ केले. जिथे एका रुळाचे दोन होतात त्या जागेला सांधा म्हणतात. ते सांधे त्यांनी कानशीने घासून स्वतः बनवले. प्रत्येक डब्याला एका रंगाचा दोरा आणि प्रत्येक जागेसाठी एक खुणेचा चिंचोका ठरला. एकेका डब्यासाठी पुरचुंडीतून चिंचोका काढायचा आणि तो ज्या जागेचा निघेल तिथे तो डबा पोचवायचा. एकच नियम होता. माझ्या दांड्यांना हात लावावा, सांध्यांना लावावा, डबे जोडायला-सोडवायला तारेचा आकडा वापरावा. डब्याला मात्र हात लावायचा नाही. लागला की डाव हरला.

ते माझ्या आयुष्यातले कामाचे दिवस. दर रविवारी बोळातली माणसे पाहायला येत. त्यांच्या अकलेविषयी काय सांगावे! "याचे रूळ कमी पडले का गा?" "हे अडकत काहून राहते?" एक गृहस्थ तर डाव संपेपर्यंत बसून शेवटी विचारते झाले, "पण हे चालू कवा होते?" मी त्यांच्याकडे लक्ष देत नसे. गिरिधरराव भराभर खेळत आणि फसत. गोपिकाबाई आधी हात मांडीवर ठेवून फळीकडे पाहत बसे, आणि मग मला थोडेच हलवी.

ही बातमी चंपतरावांच्या कानी गेली. एका रविवारी ते रुखमाबाईला घेऊन आले. लोकांची दाटी पाहून त्यांचा चेहरा बदलला.

"इंजिन आमचं हाये," ते म्हणाले. "दुरुस्त झालं तं आता आमच्या घरी आलं पाहिजे."

गोपिकाबाई म्हणाली, "न्या ना, भाऊजी. पण एक डाव खेळून न्या. जिंकले तं तुमचं, नाही तं राहू द्या इथं."

"हे? हा तं लेकरायचा खेळ हाये!" चंपतराव बाह्या सारून बसले.

मित्रांनो, मी पुष्कळ अडाणी हात पाहिले आहेत, पण तसा हात पाहिला नाही. त्यांनी कोळशाचा डबा आधी प्रेससमोर कोंबला. रुईचा त्याच्यामागे. मग मला त्यांच्यामध्ये अडकवले आणि माझ्यावरच खेकसले. कपाळावरून घाम गळू लागला. तेवढ्यात गोपिकाबाई चिवड्याची परात घेऊन आली, माणसांच्या माना तिकडे वळल्या, आणि चंपतरावांनी कोळशाचा डबा दोन बोटांनी उचलून बॉयलरपाशी ठेवला. पुढचे दोन डबे मग कोणीही लावले असते.

"झालं! पाहा."

बोळातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण गिरिधररावांनी पाहिले होते. ते आपल्या नखांकडे बघत बसले. गोपिकाबाईने पाहिले होते. परात हातात धरून ती क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "न्या, भाऊजी." रुखमाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. त्या तिघांचाही मला तिटकारा आला. खोटे बोलणाऱ्यापेक्षा गप्प बसणारा मला अधिक क्षुद्र वाटतो, आणि त्या दिवशी ती खोली अशांनी भरलेली होती.

चंपतरावांनी मुंबईहून नवे रूळ मागवले आणि मला कुहीकडच्या गावी नेऊन पुन्हा गोल मांडले. मी हातभर गेलो आणि थांबलो. पुन्हा चावी, पुन्हा हातभर.

"मालक, थकलं वाटते," एक पाहुणा म्हणाला.

चंपतरावांनी सगळ्यांदेखत चावी फिरवली, घट्ट झाल्यावरही फिरवली, आणि माझ्या पोटातली उरलीसुरली स्प्रिंगही गेली. मला धानाच्या कोठीमागे टाकण्यात आले. तिथे उंदीर माझ्या धुराड्याशी अंग घाशीत. त्यांच्याविषयीही माझे मत चांगले नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रुखमाबाई बहिणीकडे निघाली तेव्हा तिने तिळगुळाच्या डब्याखाली मला पिशवीत ठेवले. तिने मला कोठीमागून केव्हा काढले, ते नवऱ्याला विचारून की न विचारता, हे मला ठाऊक नाही. महालातल्या त्या खोलीत तिने मला बाहेर काढले आणि मी फळीकडे पाहिले. मित्रांनो, काम थांबलेले नव्हते! गिरिधररावांनी लाकडाचा एक ठोकळा कोरून त्याला चाके लावली होती. त्याला बोटाने ढकलून ते डबे लावत होते. माझ्यावाचून तिथे कोणाचे काही अडले नव्हते.

"त्या दिवशी मी पाह्यलं होतं वं," रुखमाबाई म्हणाली.

"मीनंई पाह्यलं होतं, ताई."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुले त्यायच्याच संगं घरी जायाचं होतं ना."

गिरिधरराव उठून उगाच पाणी आणायला गेले. बोळातल्या इतर माणसांवरचा माझा राग तसाच राहिला. या दोघींवरचा मला परत घ्यावा लागला.

बोलावून आणलेल्या नत्थूजींनी मला तिथेच तपासून नकारार्थी मान हलवली. तेव्हा गिरिधररावांनी माझ्या पोटातली दातेरी चाके काढून टाकली. आता मी नुसता घरंगळत होतो. गोपिकाबाईने माझ्यासाठी फळीच्या टोकाला, भिंतीपाशी, एक लहानसा रूळ नेमला. त्याचे नाव दुरुस्तीखाना. मी म्हणजे आता ओढून न्यायचा माल. मला, विलायतेत जन्मलेल्या इंजिनाला, एक लाकडाचा ठोकळा ढकलणार होता.

"बस ताई, तूच खेळ," गोपिकाबाई म्हणाली.

रुखमाबाई बसली. तिने चिंचोके काढले. पहिल्या दोन खेपा बऱ्या गेल्या, आणि मग मी रुईच्या डब्यामागे अडकलो. तिचा हात मला उचलायला पुढे आला, तसाच हवेत थांबला, आणि तिने तो मागे घेतला. गोपिकाबाईने काही सुचवले नाही. रुखमाबाई फळीकडे बघत राहिली.

तेवढ्यात बोळातून चंपतरावांची हाक आली. "अवं, चाल लवकर! टांगा उभा हाये!"

तिने मान वर केली नाही.

"थांबू द्या टांग्याले," ती म्हणाली. "माह्यं काम चालू हाये."

चंपतराव दारात येऊन उभे राहिले. त्यांनी मला ओळखले. रुखमाबाईने ठोकळ्याला बगलेच्या रुळावरून वळसा दिला, रुईचा डबा काढला, सांधा फिरवला आणि मला हळूहळू भिंतीपर्यंत नेऊन पोचवले. त्याला फार वेळ लागला. मालगुजार तेवढा वेळ उंबऱ्यात जोडे हातात धरून उभे होते.

मित्रांनो, तुम्ही माझे ऐकाल अशी मला मुळीच आशा नाही. तरी सांगतो. कशालाही चावी देताना बोटांना जोर लागू लागला की थांबा. ते यंत्र तेव्हा तुमच्याशी बोलत असते. आणि कोणी मान खाली घालून काही काम करीत असेल, तर ते गोल काहून फिरत नाही असे विचारू नका. दारात उभे राहा आणि वाट पाहा.