हिरवा दिवा

माझ्या मुलाची, प्रणीतची, एक वाईट खोड आहे. काही ओरडायला लागलं की आधी त्याचं तोंड बंद करायचं. का ओरडतंय ते मागून, नाहीतर कधीच नाही. कुकरने शिट्टी मारली की गॅस बंद, डाळ कच्ची. बायको चिडली की कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत गाडीची किल्ली उचलायची. माझ्यापुढे तेवढं चालत नाही.

नात वेदिका दिवस भरायच्या आधी झाली. काचेच्या पेटीत होती तेव्हा दोनदा श्वास घ्यायचं विसरली. घरी आणल्यावर प्रणीतने यंत्र विकत आणलं. गादीखाली एक पाटी, वर एक दिवा. मूल श्वास घेतं तसा दिवा हिरवा उजळतो, विझू विझू होतो, पुन्हा उजळतो. श्वास थांबला की लाल होऊन किंचाळतो. हलत्या झोळीत ते चालत नाही म्हणे, म्हणून माझी झोळी सोडली आणि पोरीला चार पायांच्या खाटुल्यात घातलं, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून.

पहिल्यांदा ते किंचाळलं तेव्हा मी तव्यावर पोळी टाकून धावले. सून क्षमा आधीच पोचली होती, पण खाटुल्यापासून हातभर लांब उभी.

"आई, तुम्ही बघा. मला नाही बघवत."

मी नाकाखाली बोट धरलं. माझाच हात असा कापत होता की वारा लागतो की नाही, कळेना. तेवढ्यात पोरीने टाहो फोडला. काही झालं नव्हतं. पाटीवरून कडेला सरकली होती, एवढंच.

मग रोजचंच झालं. खोटं असणार हे डोक्याला कळायचं, पायांना कोण सांगणार? क्षमा जेवता जेवता घास हातातच धरून बसायची, कान तिकडे. अंघोळीला दार उघडं ठेवून जायची.

एका रविवारी प्रणीतने मोबाइलवर काहीतरी फिरवलं. "अक्का," मला तो अक्काच म्हणतो, "आता नाही ओरडणार."

खरंच ओरडलं नाही. क्षमाने दुपारी डोळा मिटला, केस धुतले. मीही दारातून हिरवा दिवा बघायची आणि कामाला लागायची.

परवा मी दोश्याचं पीठ वाटायला ग्राइंडर लावला. आमचा ग्राइंडर जुना, चालू झाला की फरशी थरथरते, ताटाळ्यातल्या वाट्या वाजतात. थोड्या वेळाने मी डोकावून बघितलं. खाटुल्यात दुपट्याचा उंचवटा, दिवा हिरवा, वरखाली. बरं, म्हटलं, झोपली आहे.

आणि मागून क्षमा आली. खांद्यावर वेदिका.

"कधी उचललीस हिला?"

"मघाच, आई, ग्राइंडरने जागी झाली तेव्हा. गॅलरीत होतो आम्ही."

मी खाटुल्याकडे बघितलं. दिवा श्वास घेत होता. हळू, सारखा, झोपलेल्या लेकरासारखा. दुपटं उचलायला हात पुढे होईना. उचललं. खाली नुसती गादी.

क्षमा कुजबुजली, "मग हा कुणाचा श्वास?"

मी स्वयंपाकघरात गेले, ग्राइंडर बंद केला. वाट्या गप्प झाल्या. दिवा अडखळला. लाल झाला. आणि किंचाळला.

क्षमा पोरीला छातीशी घट्ट धरून भिंतीला टेकत खाली बसली. तिच्या मनात काय चाललंय, मला ठाऊक होतं, माझ्याही तेच. या आठवड्यात किती वेळा आपण नुसता दिवा बघून परत फिरलो?

संध्याकाळी बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमधून सुटून प्रणीत घरी आला. त्याला मी चपला काढू दिल्या नाहीत. ग्राइंडर लावला आणि त्याला रिकाम्या खाटुल्यापुढे उभं केलं.

दिव्यावर डोळे ठेवून तो म्हणाला, "अक्का, जरासं हललं तरी त्याला श्वास समजून ते गप्प राहावं असं केलं होतं मी. क्षमा झोपत नव्हती ना. स्वल्प, थोडंसंच..."

त्याचा चेहरा दिव्यापेक्षा हिरवा पडला होता. म्हणून हात उचलला नाही, जीभ मात्र आवरली नाही.

"कुत्रा उगाच भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधलंस होय रे? आणि आम्हाला सांगितलंस, चोर गेला! ते होतं तसं कर, आत्ता, माझ्यासमोर. ओरडू दे. दहादा खोटं ओरडलं तर दहादा धावू, पाय मोडले नाहीत माझे. आणि तुझं अंथरूण आजपासून या खाटुल्याशेजारी, खाली फरशीवर. ओरडलं की बायकोच्या आधी तू उठायचं. बोट नाकाखाली धरायचं. हात कापला तरी धरायचं."