कागदावरचे सात गडी

सत्त्याण्णव साली बारामतीच्या एसटी डेपोत कबड्डीचा एक निराळाच खेळ सुरू झाला. इंदापूर तालुक्यातल्या आठ गावांची स्पर्धा दर रविवारी अंथुर्ण्याला व्हायची. डेपोतल्या नऊ जणांनी त्या आठ संघांतून आपापल्या पसंतीचे सात-सात गडी निवडून कागदावर संघ बांधले होते. आपला गडी मैदानात चढाईत, पकडीत जेवढे गुण मिळवील तेवढे आपल्या संघाला. जिंकणाऱ्याला बाकीच्यांनी मटणाचं जेवण घालायचं.

मनिषा तिथं कारकून होती. नऊ जणांत बाई ती एकटीच. तिच्या मनात पहिल्या आठवड्यातच पाल चुकचुकली. वाहतूक नियंत्रक दादासोंनी प्रत्येक खेळाडूला शंभरपैकी मार्क देऊन यादी फळ्यावर डकवली होती. सातांच्या मार्कांची बेरीज म्हणजे त्या संघाची ताकद. दादासोंचा संघ सगळ्यांत वर, मनिषाचा तळाला.

"मार्क कशावरनं दिलं, दादासो?"

"अनुभव हाय पोरी," म्हणत त्यांनी ड्रॉवर ढकलून बंद केला. कुलूपही लावलं. ते कुलूप मनिषाच्या डोक्यातून जाईना.

मग ती दर रविवारी वही घेऊन अंथुर्ण्याला जाऊ लागली. तिचा धाकटा भाऊ बिरदेव तिथल्याच संघात पकडी करायचा. पाचव्या रविवारी तिनं यादीशी ताडून पाहिलं. चढाई करणाऱ्यांना ऐंशीच्या वर मार्क, आणि नुसत्या पकडी करणाऱ्या एकालाही पंचेचाळीसच्या वर नाहीत. तिच्या संघात बिरदेव धरून चार जण पकडीचेच होते. ह्या माणसानं मुद्दाम आपल्याला तळाला बसवलंय, अशी तिची खात्रीच झाली.

पुढच्याच आठवड्यात पंचाच्या निकालावरून दोन गावांत जुंपली आणि स्पर्धा थांबली. दादासो म्हणाले, "गुण अर्धवटच ऱ्हायलं. आता फळ्यावरच्या मार्कांवरच निकाल लावू. उगं कशाला खोळंबायचं?"

"आदी ड्रॉवर उघडा," मनिषा म्हणाली.

दादासोंनी कुरकुरत उघडला. आत वर्तमानपत्रांची कात्रणं होती, दुसरं काही नाही. त्यांत चढाई करणाऱ्यांचीच नावं छापलेली.

"पेपरात आलं त्येच म्या घेतलं," दादासो कानकोंडे झाले. "ह्यात लबाडी न्हाय."

"मग तुमचाच संघ पयला कसा?"

"संघबी म्या पेपर वाचूनच निवडला की!"

काही जण हसले. मेकॅनिक रामहरी म्हणाला, "मनिषाताई, तुमी सगळं सामनं बघितल्यात. तुमीच द्या मार्क."

तिनं एका दुपारी बसून मार्क दिले आणि वाचून दाखवले. तिचा संघ पहिला आला.

रामहरीनं यादी हातात घेतली. "ह्यो ब्याऐंशी मार्कांचा बिरदेव म्हंजी तुमचा भाऊ न्हवं?"

"व्हय. पर म्या खरं तेच लिवलंय."

म्हणाली खरं, पण तिनं वही उघडून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. बिरदेवच्या हातून निसटलेले गडीसुद्धा तिनं 'थोडक्यात सुटला' असं लिहून अर्धी-अर्धी पकड म्हणून धरले होते. बाकीच्यांच्या फक्त पुऱ्या पकडी. हे आपण कधी केलं, तिला आठवेना. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. आठवड्याभरापूर्वी दादासोंकडं ती जशी बघत होती, अगदी तशाच.

"ह्या यादीवरबी निकाल नको," ती हळू आवाजात म्हणाली. "सामने होऊ द्या."

महिन्याभरानं गावांचं मिटलं आणि उरलेले सामने झाले. रामहरी जिंकला, मनिषा पाचवी आली, दादासो सातवे. बिरदेवनं त्यांत दोनच पकडी केल्या.

जेवणाच्या पंगतीत दादासो मनिषाशेजारी बसले. "पुढच्या साली चढाईचं मार्क म्या देतो, पकडीचं तू दे."

"आन् बिरदेवचं?"

"त्याचं रामहरी दील."

तिनं त्यांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. ते मान खाली घालून रस्सा ओरपत होते. थट्टा होती की खरंच सांगत होते, हे काही तिला उमगलं नाही.