गुडघ्याचा डिंक

टण्ण! डब्याचं झाकण निसटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. दुपारची झोपलेली सगळी शांतता त्यानं उठवून बसवली.

"काय पडलं वं?" दिवाणावरून मामाजींनी, तिच्या सासऱ्यांनी, विचारलं.

"झाकण, मामाजी," म्हणत कामिनीनं कापसाचा डबा पदराखाली घेतला.

तीन वर्षांपूर्वी मांडीच्या हाडातली कॅन्सरची गाठ काढताना डॉक्टरांनी तिचा पाय वाचवला, गुडघा मात्र धातूचा बसवला. गेले आठ दिवस जुन्या टाक्यांशेजारून काहीतरी पाझरत होतं. सांगितलं की पुन्हा दवाखाना. मग लेकीच्या, रितिकाच्या वेण्या कोण घालणार? म्हणून ती चोरून पट्ट्या बदलत होती.

"आबाजी," पाच वर्षांची रितिका दारातूनच ओरडली, "आईच्या गुडघ्याले डिंक आला!"

मामाजी म्हणजे चंपतराव, नरखेडचे संत्रावाले. झाडाला डिंक आला, म्हणजे आत रोग शिरला, म्हटलं की भरल्या ताटावरून उठणारा माणूस. चष्मा उलटा लावूनच ते आत आले.

"किती दिवस झाले?"

"आठ. मलम लावून राहिली ना मी."

"वा! वरून मलम अन् अंदर रोग! माह्या बगीच्यात कोणी असं केलं असतं तं कुंपणाबाहेर काढलं असतं त्याले. घाल चपला!"

ऑटोत रितिकाला शेजारी बसवून कामिनीचा पाय त्यांनी मांडीवर घेतला, संत्र्याच्या पेटीसारखा. प्रत्येक गचक्याला ऑटोवाल्याचा उद्धार.

डॉक्टरांनी सांगितलं, जंतू धातूला चिकटून बसतात, नुसत्या गोळ्यांनी जात नाहीत. गुडघा काढायचा, जागा धुवायची, औषध मिसळलेला तात्पुरता ठोकळा ठेवायचा. दीड-दोन महिन्यांनी सगळं स्वच्छ दिसलं, तर नवा गुडघा.

"मंजे रोगी झाड उपटाचं, खड्ड्यात दवाई टाकाची, थांबाचं, मंग नवं कलम!" मामाजी खूश. "बराबर आहे. पण डॉक्टरसाहेब, कलम कोण्या नर्सरीचं?"

नर्ससुद्धा हसली. आठ दिवसांत पहिल्यांदाच कामिनीही हसली, पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

परतताना रितिका बराच वेळ आईच्या पायाकडे बघत होती.

"आई, विहिरीपाशी आबाजीनं दोनदा कलम लावलं नं? दोन्ही बार डिंक आला. मंग तिथं बकरी बांधली."

मामाजी एकदम बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचू लागले.

"तुह्या नव्या गुडघ्यालेही डिंक आला, तं तिथं काय बांधतीन?"