आत्ता दुखतंय

पोहायला शिकवणाऱ्या बाईंचं पोट वर्षानुवर्षं अधूनमधून दुखायचं. जेवण झालं की डावीकडे कळ यायची, उलटी व्हायची. आडवं पडलं की हळूहळू सगळं शांत. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, काहीच सापडेना. एकदा नणंद म्हणालीच, "वहिनी, भांडी घासायच्या वेळेलाच बरं दुखतं तुमचं!" बाई हसल्या, पण मनाला लागलं. हळूहळू त्यांनी जेवणच निम्म्यावर आणलं. गालफडं बसली.

शेवटी त्या एका सर्जनकडे गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुखत असताना कधी स्कॅन केलाय?"

"तेव्हा उभं राहवत नाही हो. थांबलं की जाते."

"तिथंच गडबड होतेय. पोटात जन्मापासून एखादा खिसा राहून जातो. आतडं त्यात शिरतं, अडकतं, आपोआप सुटतं. सुटल्यावर स्कॅनमध्ये काय दिसणार? फार क्वचित असतं हे, मला नुसती शंका आहे. पुढच्या वेळी आडव्या पडू नका. तडक इथं या."

पुढची कळ एका दुपारी आली, पानावरून उठतानाच. नवरा कामावर होता. नणंद उशी घेऊन धावली.

"उशी नको, गाडी काढा," बाई म्हणाल्या.

वाटेत त्या दोन्ही हातांनी सीट धरून ताठ बसल्या होत्या. घामानं ब्लाउज भिजला होता. नणंदेचा चेहरा पांढराफटक.

स्कॅनच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आज जागा नाही, उद्या सकाळी या."

"आत्ता दुखतंय. उद्या दुखणार नाही. सर्जनना फोन लावा, मी इथून हलत नाही."

त्यानं फोन लावला.

पडद्यावर लहान आतड्याची वेटोळी डावीकडे एका पिशवीत गच्च कोंबलेली दिसली. "सापडलं!" सर्जन जवळजवळ ओरडलेच. "वेळेत आलात. पीळ बसला असता तर आतडं काळं पडलं असतं."

नणंदेनं बाईंचा हात धरला. "वहिनी, मी काय काय बोलले तुम्हाला."

"नंतर रडा. आधी तुमच्या भावाला फोन करा."

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. आतडं सोडवलं, खिशाचं तोंड शिवून बंद केलं.

घरी आल्यावर काही दिवसांनी बाई पहिल्यांदा पोटभर जेवल्या आणि सवयीनं कळेची वाट बघत बसून राहिल्या.

"काय होतंय?" नणंदेनं घाबरून विचारलं.

"काहीच नाही," असं म्हणून त्यांनी ताट पुढे केलं. "अजून थोडा भात वाढा."