समासातलं प्रश्नचिन्ह

स्प्रिंगवर पांढऱ्या रंगात छापलेली अक्षरं उलटी होती. मला ती रविवारी दुपारी तीनच्या सुमारास दिसली, आणि मी गप्प बसलो.

गाडी माझ्या सुनेची. तिचा स्वतःचा दवाखाना आहे, दातांचा. गाडी घेतल्यापासून तिच्या मनात होतं की मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवायच्या, म्हणजे गाडी तीनेक बोटं खाली येते आणि वळणावर कमी डुलते. त्यासाठी ती माझ्या मुलाला घेऊन गॅरेजमध्ये गेली होती. तिथल्या मालकाला सगळे वस्ताद म्हणतात. प्रश्न सगळे तिने विचारले आणि उत्तरं सगळी वस्तादने माझ्या मुलाला दिली. "साहेब, तीन तासांचं काम आहे. गाडी सोडून जा, निवांत व्हा." आपल्या गाडीची पेट्रोलची टाकी डावीकडे की उजवीकडे हे आठवायला ज्याला डोळे मिटावे लागतात, असा माझा मुलगा तिथे मान डोलावत उभा होता म्हणे.

घरी येऊन चप्पल काढायच्या आत ती म्हणाली, "मी घरीच बसवणार."

"गाडी खाली करायला एवढा खटाटोप?" आमची ही म्हणाली. "आपण चौघं बसलो की होतेच की ती खाली."

"आई, तशी खाली नाही हो!"

"हे बघ, दाढ उपटण्याइतकं सोपं नाहीये ते," मुलगा म्हणाला.

"दाढेला माणूस चिकटलेला असतो. तो ओरडतो. स्प्रिंग ओरडत नाही."

"स्प्रिंग उडते."

त्यात तथ्य होतं. पुढच्या चाकांची स्प्रिंग दाबून, दोन क्लॅम्पमध्ये आवळून मगच काढता-घालता येते, आणि क्लॅम्प निसटला तर ती समोरच्याचं तोंड बघत नाही. हे मला कळलं ते स्प्रिंगांबरोबर आलेल्या सोळा पानी पुस्तिकेतून. ती पुस्तिका सुनेने माझ्याकडे आणून दिली. "बाबा, तुम्ही चाळीस वर्षं छापखान्यात बारीक टाइप वाचलाय. मी काम करताना हे एकेक ओळ वाचून दाखवाल?"

सहा वर्षं आम्ही एका घरात राहतोय. तोवर आमच्यातलं संभाषण म्हणजे "चहा घेणार?" आणि "घेईन". मला बोलता येत नाही असं नाही. पण वाक्य मनात जुळवून होईपर्यंत समोरचा उठून गेलेला असतो. त्यामुळे तिने विचारल्यावर मला फार बरं वाटलं. किती बरं वाटलं हे लिहायलाही संकोच वाटतो. आठवडाभरात ती पुस्तिका मी चार वेळा वाचून काढली.

रविवारी सकाळी आठला आम्ही खाली पार्किंगमध्ये उतरलो. क्लॅम्प एका अवजारांच्या दुकानातून दिवसाच्या भाड्याने आणले होते, संध्याकाळी सहाच्या आत परत द्यायचे होते. मागच्या दोन स्प्रिंगा अकरापर्यंत झाल्या. पुढची उजवी जड गेली; एक नट गंजून असा बसला होता की सुनेने पान्यावर उभं राहून दोन उड्या मारल्या तेव्हा तो कुरकुरत सुटला. मी स्टुलावर बसून वाचत होतो. ती "हं" म्हणाली की पुढची ओळ. मध्येच ती "परत" म्हणायची, मी परत वाचायचो. अशी माणसं मला आवडतात जी "परत" म्हणतात.

राहिली पुढची डावी. तोवर तिचे दंड थरथरायला लागले होते, जेवण झालं नव्हतं. तिने नवी स्प्रिंग शॉकअपवर चढवली, वरची रबरी बैठक ठेवली, नट हाताने फिरवायला घेतला. तेव्हा मला ती अक्षरं दिसली. नवव्या पानावर लिहिलंय: स्प्रिंगवरचा मजकूर, स्प्रिंग बसवल्यावर सरळ वाचता आला पाहिजे. तिची दोन टोकं सारखी नसतात. उलटं टोक खालच्या खाचेत पक्कं बसत नाही, आणि मोठ्या खड्ड्यात घसरू शकतं. बाकीच्या तिघींवर मी तो मजकूर सरळ वाचला होता. हिच्यावर तो पायांवर नाही, डोक्यावर उभा होता.

मी मान वाकडी केली. मग वाटलं, मीच चुकीच्या बाजूने बघत असेन. शॉकअप ती आडवा धरून बसली होती, त्यातलं वर कुठलं आणि खाली कुठलं? चष्मा पुसला. आता बोलावं, तर तिने सगळं परत खोलायचं, आणि मी चुकीचा निघालो तर? हात कापणाऱ्या बाईला एका म्हाताऱ्याच्या शंकेपायी पुन्हा क्लॅम्प आवळायला लावायचे?

आमच्या छापखान्यात एक पद्धत होती. लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नाही. शंका आली तर समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करायचं आणि गठ्ठा पुढे पाठवायचा. बघायचं त्याने बघावं. चाळीस वर्षांत मी कुणाला तोंडाने चूक दाखवली नाही.

मी नवव्या पानावर त्या ओळीशेजारी प्रश्नचिन्ह केलं आणि पुस्तिका तिच्यापुढे धरली. "हे एकदा नजरेखालून घाल."

"ठेवा ना तिथेच, हात बघा माझे," ती म्हणाली, आणि तिने नट आवळला.

त्यानंतरचे तीन तास मी कुठे बसलो नाही. वर गेलो, खाली आलो. न मळलेले हात दोनदा धुतले. "अहो, पोटात बिघडलंय का?" हिने विचारलं. मी नाही म्हणालो आणि परत जिना उतरलो. चाक बसलं होतं. चाकाच्या वरच्या फटीतून स्प्रिंग दिसते का बघायला मी वाकलो, तर सून म्हणाली, "बाबा, छान बसलीये ना?" मी म्हणालो, "हो." हा 'हो' कुठून आला मला माहीत नाही.

चार वाजता ती वर येऊन जेवली आणि हिला सांगत होती, "आई, बाबांनी एक ओळ चुकू दिली नाही." मी पाणी प्यायला उठलो. तांब्या भरलेलाच होता.

साडेपाचला मुलगा क्लॅम्प परत करायला निघाला. दारात तो बूट घालत होता तेवढा वेळ माझ्या हातात होता. मी म्हणालो, "जरा थांबतोस?"

"काय बाबा?"

"नाही, रस्त्यात गर्दी असेल."

तो गेला. दुकान सहाला बंद झालं असणार.

सव्वासहाला तो परत आला तेव्हा सून गाडीत बसून आरसा नीट करत होती. काच खाली करून म्हणाली, "चला, पहिली चक्कर बाबांसोबत. तू मागे बस."

"मी मागे? नवऱ्याला मागे?"

"तू काय वाचलंस आज? पेपर!"

गाडी खरोखर सुंदर दिसत होती. अंग चोरून बसलेल्या मांजरासारखी. तिने इंजिन चालू केलं. मी दरवाजाकडे जायला निघालो आणि पुढे जाऊन उभा राहिलो, बॉनेटवर दोन्ही हात टेकून. इंजिनची थरथर कोपरापर्यंत येत होती.

"बंद कर," मी म्हणालो.

"काय?"

"बंद कर गाडी. डावी स्प्रिंग उलटी आहे."

तिने किल्ली फिरवली. उतरली, मोबाइलचा उजेड पाडून चाकामागे पाहिलं. बराच वेळ ती तशीच उकिडवी बसून होती.

"तरी मी म्हणत होतो की गॅरेजला..." मुलाने सुरुवात केली.

"एक शब्द बोलू नकोस." मग माझ्याकडे न बघता, "तुम्हाला कधी दिसलं?"

आत्ता, असं सांगता आलं असतं. सांगायचं होतं मला.

"तीनला. तू नट आवळायच्या आधी."

अवजारांच्या पेटीवर पुस्तिका पडली होती. तिने ती उघडली. नववं पान आपसूक उघडलं, इतक्यांदा मी ते उघडलं होतं.

"हे तुम्ही केलंत?"

"हो. आमच्याकडे पद्धत होती..."

"बाबा, मी समोर बसले होते. हातभर अंतरावर. आणि तुम्ही मला चिठ्ठी लिहिलीत?"

"चिठ्ठी नाही गं ती."

"पेशंटची दाढ किडलीये हे मी त्याला सांगायचं नाही, फाइलमध्ये प्रश्नचिन्ह काढायचं आणि फाइल कपाटात ठेवायची. असंच ना?"

बोलण्यासारखं तिने सगळं बोलून टाकलं होतं. मुलगा बाजूला जाऊन वस्तादला फोन करत होता. तो काय बोलतोय ते तिला ऐकू येत होतं, आणि तिचा चेहरा मी पाहिला. गाडी हलवता येत नव्हती, क्लॅम्प गेले होते, दुकान सोमवारी बंद. ज्याला तिला दाखवून द्यायचं होतं, त्यालाच आता घरी बोलवावं लागत होतं. माझ्यामुळे. चूक तिची होती हे खरं, पण तीन वाजता ती पाच मिनिटांची चूक होती.

सोमवारी तिने सकाळचे पेशंट पुढे ढकलले. चहाच्या वेळी तिने मला "घेणार?" असं विचारलं नाही, कप समोर ठेवला. मी खोलीत जाऊन बसलो. पुस्तिका कपड्यांच्या घडीखाली ठेवली, पुन्हा काढली. खिडकीतून वस्तादचा आवाज येत होता.

"साहेब, कुठली बाजू?"

"तिला विचारा," माझा मुलगा म्हणाला. एवढं त्याला सुचलं याचं मला कौतुक वाटलं.

"ताई, सरका जरा, पाऊण तासात करून देतो."

"क्लॅम्प तुमचे, हात माझे. तुम्ही नुसतं बसा. बसायचे पैसे देते."

वस्ताद मोठ्याने हसला. "बसायचे पैसे अजून कुणी दिले नव्हते! आणि ताई, मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडेही बसते हो उलटी. गिऱ्हाइकाला कळत नाही, एवढंच."

मग चाकाचे नट सुटल्याचे आवाज. मी मोजत होतो, पाच. त्यानंतर तिची हाक.

"बाबा! पान सात!"

जिना उतरताना माझा एक पाय चपलेत आणि एक चपलेबाहेर होता. स्टूल होतं तिथेच होतं. मी सातव्या पानापासून वाचायला लागलो. तिने मान वर केली नाही, पण "हं" म्हणाली. जोडणी खोलून तिने स्प्रिंग फिरवली, मी अक्षरं पाहिली, सरळ होती, आणि मी तसं मोठ्याने म्हणालोही. वस्ताद उपड्या बादलीवर बसून आमच्याकडे आलटून पालटून बघत होता.

तिने रबरी बैठक ठेवून नट हातात घेतला, आणि मी वाकून पाहिलं.

"थांब."

ती थांबली.

"त्या रबराची खाच. ती स्प्रिंगच्या टोकाला लागलीये का? मला तिरकी वाटतेय. म्हणजे मला नक्की नाही सांगता येत."

वस्तादने च्यक केलं. "बसलीये हो काका, मी बघितलीये."

तिने नट खाली ठेवला. रबर उचललं, खाचेतून बोट फिरवलं, स्प्रिंगच्या टोकाला लावून पाहिलं, परत ठेवलं. वेळ गेला. कपाळावरचा घाम तिने दंडाला पुसला.

"बरोबरच होतं," ती म्हणाली.

"माझंच चुकलं."

"चुकू दे. पुढचं वाचा."

मी पुढची ओळ वाचली. वस्तादने कानामागे हात धरून खूण केली, ऐकू येत नाही म्हणून, तेव्हा तीच ओळ मी परत, मोठ्याने वाचली.