माझा उडालेला टवका

मित्रांनो, मी एक जुना चकमकीचा दगड आहे. वय विचारू नका, माझं मलाच नीट ठाऊक नाही. समुद्राच्या तळाशी, खडूच्या मऊ चिखलात, बारीक जिवांचे सांगाडे विरघळले, पुन्हा घट्ट झाले आणि त्यातून माझा गोळा तयार झाला. वरून पांढरट साल, आत काळा कुळकुळीत. रूप म्हणाल तर यथातथाच! पण फोडलं, की माझ्या कडा काचेसारख्या धारदार निघतात.

एका नावाड्याने मला उचललं, हे माझं भाग्य. तो मला पोलादाच्या पट्टीवर मारायचा, ठिणगी जळक्या कापसावर झेलायचा आणि चूल पेटवायचा. खरं सांगतो, ठिणगी असते पट्टीची. मी फक्त तिचा कण खरवडून काढतो. पण कौतुक माझंच व्हायचं, आणि मीही मुकाट्याने ते करून घ्यायचो.

पुढे नावाडी वारला. त्याचा मुलगा फरशांना पॉलिश करायचा. वडिलांची आठवण म्हणून त्याने मला यंत्रावर घासून घासून गुळगुळीत केलं आणि कायम खिशात ठेवलं. माया होती हो त्याची! पण माझी धार गेली.

एकदा आई, बायको आणि बारा दिवसांच्या लेकीला तो नावेतून घरी आणत होता. वादळाने नावेत पाणी भरलं. सगळे कसेबसे वडिलांच्या काठावरच्या खोपटात शिरले. काडेपेटीचा लगदा झाला होता. पोर गारठून निळी पडली होती, रडेनाशी झाली होती. मुलाच्या आईने फळीवरचा जुना डबा काढला. आत पट्टी आणि कापूस कोरडे होते. मुलाने मला पट्टीवर मारलं, पुन्हा मारलं. काहीच नाही.

"अरे, असा गोटा करून ठेवलास, तर पट्टी खरवडणार कशी? फोड त्याला," आई म्हणाली.

"बाबांची एवढीच वस्तू उरलीय गं."

"तुझे बाबा दर आठवड्याला त्याचा टवका उडवायचे. फोड लवकर, पोर हातची जाईल."

त्याने खोपटातली वडिलांची हातोडी उचलली आणि डोळे मिटून माझ्यावर घातली. माझा टवका उडाला, कड मोकळी झाली. दुसऱ्याच फटक्याला ठिणगी कापसात बसली आणि चूल पेटली. जरा ऊब लागल्यावर पोरीने असं भोकाड पसरलं, की तिची आई हसता हसता रडायला लागली.

मित्रांनो, त्या हातोडीचे माझ्यावर फार उपकार आहेत. तुमच्याही घरात कुणाची आठवण म्हणून काही ठेवलेलं असेल. ते जरूर जपा, पण त्याचं काम तेवढं काढून घेऊ नका.