एका दमाचा स्वर

मंजुश्री संगीतात पीएच.डी. करत होती. चार तंतुवाद्यांसाठी युरोपात लिहिलेली एक जुनी रचना तिने या अभ्यासासाठी, लग्नात वाजणाऱ्या वडिलांच्या बँडकरता उतरवली. मुख्य व्हायोलिनच्या जागी वडिलांचं, किसनरावांचं क्लॅरोनेट. खामगावात लोक हसले. हसोत बापडे, हौसेला मोल नसतं. पण या शहाण्या पोरीच्या एक गोष्ट ध्यानातच आली नाही. व्हायोलिनच्या गजाला श्वास लागत नाही, माणसाला लागतो. शेवटचा लांबलचक स्वर तिने होता तसाच ठेवला.

आणि किसनरावांनी तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाल्लेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, फुगासुद्धा फुगवायचा नाही. हे त्यांनी घरात कळूच दिलं नव्हतं. मंजुश्रीला दवाखान्याचा कागद सापडला तो तालमी सुरू झाल्यावर. तिने लगेच त्या स्वराचे दोन तुकडे केले.

"मधातच तोडू?" समाजमंदिरातल्या तालमीत किसनराव भडकले. "व्हायोलिनवाला तोडते काय? मंग मी काऊन तोडू? चाळीस वर्सं झाले वाजवून राह्यलो, किसनचा दम कमी पडला असं कोनी म्हनलं नाही."

आणि वाजवलं. शेवटी स्वराखालून एक खरखर वर आली, ओलं लाकूड चुलीत धुमसावं तशी. सॅक्सोफोनवाले गोपालभाऊ वाजवायचे थांबले. किसनराव भिंतीला टेकले. ओठ निळे पडले होते. मंजुश्री मनातून पार हादरली. तिने तालमीचं रेकॉर्डिंग पुण्याला मार्गदर्शक मॅडमना पाठवलं आणि कळवलं, हा स्वर मी कापते आहे.

सकाळीच फोन आला. "अजिबात कापू नकोस! ती खरखर हाच तुझा शोध आहे. व्हायोलिनला जे कधी जमणार नाही, ते तिथे घडतंय. रविवारी परीक्षकांपुढे ती हवीच."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चार वर्षांची मेहनत एकीकडे, बाप एकीकडे. असल्या हिशेबाला खरं तर क्षणही लागू नये. मंजुश्रीला सकाळची दुपार झाली.

तालमीला बाबा आधीच येऊन बसले होते. "काय म्हने मॅडम? आवडलं काय?"

सांगायची वेळ हीच होती. बाबा, त्यांना तुमचं वाजवणं नाही, तुमचं दुखणं आवडलं. तिला स्वतःची लाज वाटली, तरी तोंडातून निघालं, "खूप आवडलं. शेवट तर फारच."

किसनरावांचा चेहरा उजळला. "मंग तो आनखी लांबवतो. पाह्यच तू."

त्यांनी छाती भरून घेतली. मंजुश्रीने त्यांना अडवलं नाही. तिने रेकॉर्डर सुरू केला.